कोळ्याच्या गोष्टी आणि वाघाचे राज्य



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी एका विनोदी कादंबरीचे नाव सांगितले. चालक मंडळी सभ्य आहेत. त्यांनी नुसते एकमेकांकडे पाहिले. कामगार संघटनेत आयुष्याची तीस वर्षे घालवलेल्या माणसाने वेतनकरारावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर महागाईवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्या विषयांवर मी वर्षातले उरलेले दिवस बोलतच असतो. किंबहुना फार बोलतो, अशीच घरच्यांची आणि बाहेरच्यांची तक्रार आहे. आज मात्र मी तुम्हांला देव, भुते, बोलणारे वाघ आणि माणसाच्या पोटी जन्मलेला एक कोळी यांच्या गावाला नेणार आहे. कोळी म्हणजे जाळे विणणारा किडा. आपले समुद्रावरचे कोळी बांधव नव्हेत. जाळे दोघांकडेही असते, एवढेच साम्य.

पुस्तकाचे नाव ‘अनान्सी बॉइज’. म्हणजे अनान्सीचे पोरगे. लेखक नील गेमन हा इंग्रज. पुस्तक २००५ साली निघाले. लेखकाच्या चरित्राविषयी बोलायला मी आलेलो नाही, पुस्तकाविषयी बोलायला आलो आहे. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. इंग्रजी मी शिकलो ते आरोपपत्रे, स्थायी आदेश आणि कामगार न्यायालयांचे निवाडे शब्दकोश शेजारी ठेवून वाचता वाचता. त्या इंग्रजीत हसण्यासारखे फार थोडे असते. हे पुस्तक मी पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतले आणि तारखांची वाट पाहत कोर्टाच्या व्हरांड्यात वाचले. त्या व्हरांड्यात माणसे सहसा हसत नाहीत. म्हणून दोन-तीनदा शिपायाने माझ्याकडे काळजीने पाहिले.

माझे काही सहकारी असल्या पुस्तकांकडे संशयाने पाहतात. कष्टकऱ्याने वास्तव वाचावे. अद्भुत म्हणजे पळवाट, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही, कारण त्याच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. दुबळा माणूस बलवंताला हसतो, तेव्हा ते हसणे त्याला उभे करते, की उभे राहण्याचा त्रास वाचवून देते? आज माझे सारे बोलणे या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

आधी कथानक थोडक्यात सांगतो. कादंबरीचा नायक चार्ल्स नॅन्सी. सारे जग त्याला ‘जाड्या चार्ली’ म्हणते. वस्तुतः तो जाड नाही. पोरवयात काही वर्षे अंगाने भरलेला होता, तेवढ्यात बापाने ते नाव ठेवले; आणि या बापाने ठेवलेले नाव जन्मात पुसले जात नाही अशी त्याची ख्याती. बाप म्हणजे मिस्टर नॅन्सी. डोक्यावर हिरवी हॅट, ओठांवर गाणे, आणि जिथे जाईल तिथे लोक भोवती जमणार. परक्यांना असा माणूस फार आवडतो. पोटच्या पोराचे मात्र हाल होतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने एक सुटीचा दिवस असतो. त्या दिवशी सगळी मुले आपल्या आवडत्या अध्यक्षाचा वेश करून शाळेत जातात, अशी थाप या बापाने मारली. बिचारा चार्ली टॅफ्ट नावाच्या धिप्पाड अध्यक्षाचे सोंग घेऊन शाळेत गेला. बाकीची मुले रोजच्या कपड्यांत! त्या दिवसापासून चारचौघांत आपले हसे होईल ही धास्ती त्याच्या हाडीमांसी खिळली. पुढे आईबरोबर तो लंडनला आला, मोठा झाला, हिशोबाच्या कामाला लागला. पण चारचौघांत गाणे गायचे म्हटले की त्याचा घसा कोरडा पडे.

मग बाप मरतो. मरतो तेही कसा? फ्लोरिडातल्या एका गाण्याच्या अड्ड्यावर, गाता गाता कोसळतो. आणि कोसळतानाही समोरच्या एका प्रवासी बाईची फजिती करून जातो. चार्ली धावतपळत अंत्यविधीला पोहोचतो, कबरीजवळ उभा राहून गहिवरून बोलतो, आणि नंतर त्याला कळते की हा अंत्यविधी दुसऱ्याच कोणाचा आहे. शेजारची वृद्धा मिसेस हिग्लर त्याला सांगते, “तुझा बाप देव होता. अनान्सी. आणि तुला एक भाऊ आहे. भेटावेसे वाटले तर एखाद्या कोळ्याला निरोप सांग.” शहाण्या माणसाने अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करावे. चार्लीही करतो. पण एका रात्री पिऊन तर्र झाल्यावर तो खरोखरच एका कोळ्याच्या कानात ते बोलून बसतो, आणि दारात भाऊ हजर! भावाचे नावच स्पायडर, म्हणजे कोळी. देखणा, बोलका, निर्लज्ज. तो चार्लीच्या घरात राहतो, चार्ली बनून त्याच्या कचेरीत जातो, आणि चार्लीची वाग्दत्त वधूही आपलीशी करतो.

कंटाळलेला चार्ली पुन्हा फ्लोरिडात त्या म्हाताऱ्यांकडे जातो. चौघी म्हाताऱ्या मिळून मंत्रतंत्र मांडतात. आवश्यक त्या मेणबत्त्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून त्यांतली एक पेंग्विन पक्ष्याच्या आकाराची असते. त्या विधीतून चार्ली जगाच्या आरंभी, प्राणिदेवतांच्या गुहांपाशी पोहोचतो. तेथे पक्षीण-देवतेशी तो सौदा करतो: भावाला घालवून दे, बदल्यात अनान्सीचा वंश तुझा. आता अनान्सीच्या वंशात आपणही मोडतो, हे शहाण्याच्या लक्षातच येत नाही! मंडळी, करारपत्रावर न वाचता सही करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. हा प्रसंग मी आमच्या शाखांच्या बैठकीत सांगतो. कलमांवरच्या तासाभराच्या प्रवचनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

आणि आता मला ज्या भागात खरी गोडी वाटली तो भाग. चार्लीचा मालक ग्रेहॅम कोट्स. हा नटनट्यांचा, विनोदी कलावंतांचा प्रतिनिधी म्हणून धंदा करतो. त्यांचे पैसे याच्या हातून जातात, आणि जाता जाता त्यांतले पुष्कळ याच्याच हाताला चिकटतात. त्याच्या तोंडी सदा गुळगुळीत वाक्ये. त्याच्या कचेरीची रीत अशी की, नोकराला कायद्याचे संरक्षण मिळायची वेळ जवळ आली की त्याला निरोप द्यायचा. हे वाक्य लंडनविषयी लिहिलेले आहे. पण मला क्षणभर ते आमच्याच औद्योगिक वसाहतीविषयी आहे असे वाटले. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सलग नोकरीचा हिशोब २४० दिवसांवर बसवला होता, आणि दोनशे तिसाव्या दिवसाच्या आसपास किती माणसांची नावे हजेरीपटावरून नाहीशी झाली, ते कामगार चळवळीतल्या कोणालाही विचारा. पुढे अफरातफर उघडकीस येण्याची भीती वाटताच कोट्स काय करतो? सारा आळ चार्लीवर ढकलतो आणि पोलिसांना बोलावतो. हिशोब जाणणाऱ्या मेव्ह लिव्हिंगस्टन या विधवेचा तर तो जीवच घेतो. देव आणि भुते या पुस्तकात पुष्कळ आहेत. पण सर्वांत भयंकर प्राणी हा साधा, इस्त्रीच्या कपड्यांतला मालक आहे. अद्भुत म्हणजे पळवाट, असे म्हणणाऱ्यांना माझे पहिले उत्तर हे की, या पळवाटेच्या शेवटी मला माझ्याच ओळखीची कचेरी भेटली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या कादंबरीतली बहुतेक माणसे कृष्णवर्णीय आहेत, पण लेखक तसे कोठे ओरडून सांगत नाही. उलट एखादा गोरा असेल तर त्याचा उल्लेख करतो. इतर पुस्तकांत याच्या नेमके उलटे असते. कोणाला ‘माणूस’ म्हणायचे आणि कोणाला ‘काळा माणूस’ म्हणायचे, ही सवय किती खोल रुजलेली असते, ते वाचकाला हसता हसता कळते.

पण हा अनान्सी आला कोठून? गेमनने त्याला निर्माण केलेले नाही. आजच्या घाना देशातले आकान लोक, त्यांतही अशांटी, यांच्या बोलीत अनान्सी म्हणजे कोळी, आणि कोळ्याच्या गोष्टींना म्हणतात ‘अनान्सेसेम’. मौज अशी की, गोष्ट कोणाचीही असो, तिला नाव कोळ्याचे. असे का, याचीही एक गोष्ट आहे. रॅट्रे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती अशांटींकडून ऐकून १९३० साली छापली. पूर्वी जगातल्या सर्व गोष्टी न्यामे या आकाशदेवाच्या मालकीच्या होत्या. कोळी त्या विकत घ्यायला गेला. देवाने किंमत सांगितली: अजगर, बिबळ्या, गांधीलमाश्या आणि रानातली परी, हे सारे जिवंत पकडून आण. मोठमोठ्या राज्यांना जे जमले नव्हते, ते हा किडा काय करणार?

कोळी घरी आला आणि त्याने बायकोला विचारले. हे फार महत्त्वाचे आहे. बायकोचे नाव आसो. तिने सांगितले, ताडाची फांदी तोड आणि वेल घे. दोघे अजगराच्या वाटेवर वाद घालत निघाले, की तू लांब की फांदी लांब. अजगर फुशारून मोजून घ्यायला फांदीशेजारी आडवा झाला, आणि वेलीने बांधला गेला. गांधीलमाश्यांवर पाणी शिंपडून कोळी म्हणाला, “पाऊस आला, या भोपळ्यात शिरा.” शिरल्या. बिबळ्या खड्ड्यात पडला. परी चिकाने माखलेल्या बाहुलीला चापट मारून चिकटली. देवाने शब्द पाळला. गोष्टी कोळ्याच्या झाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आसोच्या, असे मी म्हणेन. पण नाव नवऱ्याचे लागले. चळवळीतही असे घडते, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगायला नको.

पुढे गुलामांच्या व्यापाऱ्यांनी या लोकांना जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापलीकडे नेले. अंगावरचे कपडे गेले, नावे गेली, कुटुंबे फुटली. कोळी मात्र सोबत गेला; त्याला तळघरात जागा लागत नव्हती. जमैका, सुरिनाम, कुरासाव अशा ठिकाणी मळ्यांत राबणाऱ्या माणसांनी रात्री त्याच्या गोष्टी सांगितल्या. घरी कोणी मेले की जागरणात त्या विशेष रंगत. कादंबरी एका अंत्यविधीपासून चालू लागते, त्याचे मूळ मला येथे दिसते. लुईस बेनेट या जमैकन कवयित्रीने (१९१९–२००६) पुढे याच गोष्टी तिथल्या गरिबांच्या बोलीत, ज्या बोलीला शिकलेले लोक नाक मुरडत, रंगमंचावरून आणि आकाशवाणीवरून सांगितल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या.

महासागर ओलांडताना गोष्टीत एक फरक झाला. जमैकात गोष्टींचा पूर्वीचा मालक आकाशदेव राहिला नाही. तेथे मालक झाला वाघ. वास्तविक आफ्रिकेत वाघ नाही आणि जमैकात तर नाहीच. आफ्रिकेतल्या बिबळ्यालाच परक्या भाषेत ‘टायगर’ हे नाव मिळाले असावे. पण मला त्यात आणखी काही दिसते. ज्याच्या डोक्यावर आपले आकाश आहे, त्याने गोष्टी आकाशदेवाकडून आणाव्यात. पण ज्याच्या पाठीवर चाबूक आहे, त्याला गोष्टी हिसकावून घ्यायच्या त्या दात आणि नखे असलेल्याकडूनच. गेमनने हाच धागा धरला आहे. वाघाच्या काळातल्या गोष्टी रक्ताच्या आणि रडण्याच्या होत्या. त्या कोळ्याकडे आल्या आणि लोक संकटातून युक्तीने सुटण्याचा विचार करू लागले, असे त्याचे सूत्र आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, वाघाच्या गोष्टीचे तात्पर्य ‘बळी तो कान पिळी’, आणि कोळ्याच्या गोष्टीचे तात्पर्य ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’. ज्या लोकांकडे फक्त पहिलीच म्हण शिल्लक राहते, ते लोक वाकतात आणि वाकलेलेच राहतात.

आपल्याला हे अनोळखी आहे का? लेकीकडे निघालेली म्हातारी आठवा. वाटेत वाघ भेटतो. “आधी लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होते, मग खा,” असे म्हणून ती सुटते, आणि परत येताना भोपळ्यात बसून त्याच वाघासमोरून घरंगळत जाते. घाना कोठे, आपला महाराष्ट्र कोठे! पण दोन्हीकडच्या आज्यांना वाघ ठाऊक होता, आणि दोघींनीही अंथरुणात घाबरलेल्या नातवंडाला झोपवण्यापूर्वी वाघाला फसवून दाखवले.

आता कोळ्याची दुसरी बाजू. मी वकिली करायला आलो नाही. साक्ष द्यायला आलो आहे, आणि साक्षीदाराने दोन्ही बाजू सांगाव्यात. अनान्सी हा काही संत नव्हे. तो हावरा आहे, आळशी आहे, आपल्याच बायकापोरांना फसवणारा आहे. एका गोष्टीत तो मेल्याचे सोंग घेतो, शेतात पुरायला सांगतो, सोबत भांडी ठेवायला लावतो, आणि रात्री उठून घरच्यांचेच पीक शिजवून खातो. शेवटी डांबराच्या पुतळ्याला चिकटून पकडला जातो. गेमनने ही गोष्टही कादंबरीत घेतली आहे, लपवलेली नाही. जमैकात तर गोष्ट संपल्यावर सांगणारा एक ठरलेले वाक्य उच्चारून हात झटकतो. त्याचा भावार्थ असा की, यातल्या लबाडीशी माझा संबंध नाही. लोक कोळ्याला हसतात, त्याच्यावर प्रेम करतात, पण त्याच्या स्वाधीन तिजोरी करीत नाहीत.

त्याची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जगातले सारे शहाणपण त्याने एका मडक्यात भरले आणि कोणाला मिळू नये म्हणून ते झाडाच्या शेंड्यावर लपवायला निघाला. मडके पोटाशी बांधलेले, चढताच येईना. खाली उभा असलेला लहान मुलगा म्हणाला, “बाबा, मडके पाठीला बांधा की!” सगळे शहाणपण माझ्याजवळ, मग हे पोराला कसे सुचले? रागाने मडके हातचे सुटले, फुटले, आणि शहाणपण थोडे थोडे सगळ्यांच्या वाट्याला आले. पुढाऱ्यांच्या शिबिरात मी हीच गोष्ट सांगतो. प्रत्येक संघटनेत एखादा तरी मडकेवाला असतोच. करार कसा वाचायचा, साहेब कशाला भितो, कायद्याचे कोणते कलम कोठे लावायचे, हे त्याला एकट्याला ठाऊक असते, आणि ते कोणाला कळू नये म्हणून तो आयुष्यभर झाडावर चढत राहतो.

एक अनुभव सांगतो. नाव कोणाचेही घेत नाही. एका कारखान्यात दोनशे-अडीचशे माणसे, बहुतेक कंत्राटी. संघटनेचा अर्ज भरायला कोणी तयार होईना. तिथल्या व्यवस्थापकाचे लाडके वाक्य होते, “आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे.” एक तरुण कामगार जेवणाच्या सुटीत डबा उघडता उघडता त्याची नक्कल करू लागला. तीच मान वाकडी करणे, तेच घड्याळ पाहणे, तोच गहिवर, “आपले कुटुंब आहे, म्हणून तर पगार देताना संकोच वाटतो!” आठ दिवसांत ती नक्कल सगळ्या पाळ्यांत पसरली. पुढे साहेबांनी सर्वांना एकत्र बोलावून खरेच ते वाक्य उच्चारले, तेव्हा दोनशे माणसे खाली मान घालून हसू दाबत उभी होती. त्या संध्याकाळी एकेचाळीस अर्ज भरले गेले. माझ्या पत्रकांनी जे तीन महिन्यांत केले नव्हते, ते एका नकलेने केले. कारण माणूस ज्याला हसतो, त्याला त्या क्षणी तरी भीत नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. व्यवस्थापनही मूर्ख नव्हते. वर्षभराने त्या तरुणाला पर्यवेक्षक केले, आणि तो आमच्याच माणसांच्या नकला वरच्या मजल्यावर करून दाखवू लागला. मी त्याला शिव्या देत नाही. घरी म्हातारे आईबाप होते आणि पगार दुप्पट झाला होता. मी एवढेच म्हणतो की, कोळी असाच असतो. युक्ती ही एकट्याची असेल तर ती विकली जाऊ शकते. एकेचाळीस माणसांनी केलेल्या सह्या मात्र त्याच्याबरोबर वरच्या मजल्यावर गेल्या नाहीत; त्या खालीच राहिल्या, आणि करार झाला तो त्या सह्यांच्या जोरावर.

म्हणून मला या कादंबरीचा शेवट फार महत्त्वाचा वाटतो. स्पायडर हा युक्तीचा मूर्तिमंत पुतळा. पण पक्षिणीने त्याची जीभ उपटून काढल्यावर त्याची सारी मोहिनी संपते. त्याला खुंट्यांना बांधून वाघापुढे टाकले जाते. आता काय करणार? तो मातीचा एक लहानसा कोळी करतो आणि मदतीसाठी पाठवतो. वाघ येतो तेव्हा मदतही येते: कोळ्यांचे थवेच्या थवे. एका कोळ्याला वाघ पंजाखाली चिरडील. पण हजारो अंगावर चढले तर पंजा कोणावर मारणार? वाघाला मागे हटावे लागते. गेमनच्या मनात कामगार संघटना असेल असे मी म्हणत नाही. पण मी ते पान वाचले, पुस्तक मिटले, आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

आणि चार्ली? ज्याचा घसा चारचौघांत कोरडा पडे, तो शेवटी जगाच्या आरंभीच्या त्या कड्यावर, सर्व प्राण्यांसमोर गातो. त्या गाण्याने वाघाची पत जाते. इतर प्राणी वाघाला हसू लागतात, आणि वाघ लहान होत जातो. आयुष्यभर ज्याला हशाची धास्ती होती, त्याच्याच हातून हसण्याची दिशा बदलते. टॅफ्टच्या वेशातल्या पोराला हसणारे जग आता दात-नखे असलेल्याला हसते. माझ्या मते ही कादंबरी ज्या एका गोष्टीसाठी वाचावी ती हीच. मालकाकडे पैसा असतो, पोलीस असतात, हे खरे. पण त्याचे अर्धे बळ आपल्या मनात बसलेल्या लाजेवर आणि भीतीवर चालते. गेटसमोर पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिलेल्या कामगाराचे पाय कापतात ते लाठीच्या भयाने नव्हे, “मी बोललो आणि लोक हसले तर?” या भयाने कापतात. त्याला आधी गाता आले पाहिजे.

इतके म्हटल्यावर पुन्हा जमैकात जाऊ, कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत अर्धेच आहे. उरलेले इतिहासात आहे. ज्या मळ्यांत रात्री कोळ्याच्या गोष्टी रंगत, त्याच मळ्यांत १८३१ च्या नाताळात एक घटना घडली. सॅम्युएल शार्प नावाच्या गुलाम धर्मोपदेशकाने गुप्त बैठका घेऊन लोकांना शपथ घालून सांगितले: नाताळनंतर मजुरी मिळाल्याखेरीज उसाला हात लावायचा नाही. मंडळी, याला आपण काय म्हणतो? संप म्हणतो. योजना संपाची होती; पुढे मळे पेटले, सैन्य आले, बंड चिरडले गेले. तीनशेहून अधिक गुलामांना मृत्युदंड झाला. शार्पला २३ मे १८३२ रोजी फाशी दिले. पण पुढच्याच वर्षी, १८३३ साली, ब्रिटिश पार्लमेंटला गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा करावा लागला. तो १८३४ मध्ये अमलात आला, आणि उमेदवारीच्या नावाखाली चालू ठेवलेली वेठही १८३८ च्या १ ऑगस्टला संपली. या कायद्याला इतरही कारणे होती. पण त्या नाताळाचा धसका हे त्यांतले एक मोठे कारण होते, असे इतिहास सांगतो. त्या शार्पला आज जमैका राष्ट्रवीर मानतो.

कोळ्याच्या गोष्टींनी गुलामगिरी गेली का? नाही गेली. दीडशे वर्षे लोक त्या सांगत होते आणि चाबूक चालूच होता. मग त्या फुकट गेल्या का? तेही नाही. ज्या माणसाला दिवसभर ‘तू वस्तू आहेस’ असे सांगितले जाते, त्याने रात्री वाघाला फसवून पाहिले नसते, तर सकाळी शार्पची शपथ घ्यायला त्याचे मनच उरले नसते. हसण्याने माणूस मोकळा होत नाही. पण मोकळे होण्यासाठी लागणारा माणूस हसण्याने शाबूत राहतो. रात्रीची गोष्ट आणि दिवसाची एकजूट, दोन्ही लागतात. नुसती गोष्ट उरली तर पळवाट होते. नुसती एकजूट उरली, आणि तिच्यातले हसू गेले, तर तिचेही एक नवे वाघाचे राज्य होते. मग पुढाऱ्यालाच कोणी हसू शकत नाही. असली संघटनाही मी पाहिली आहे.

तेव्हा माझ्या गंभीर मित्रांना माझी विनंती आहे की, हे पुस्तक जरूर वाचा. इंग्रजी जड वाटले तर लेनी हेन्री या जमैकन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या इंग्रज विनोदी नटाने त्याचे केलेले वाचन ध्वनिमुद्रित आहे, ते ऐका. कोळ्याची गोष्ट मुळात ऐकण्याचीच. आणि वाचताना हसू आले तर शब्दकोश बाजूला ठेवून हसा. आपल्या आज्यांच्या गोष्टीही मुलांना सांगत चला. दुकानांतून, पडद्यांवरून, हातातल्या यंत्रांतून आज मुलांकडे गोष्टींचा पूर येतो आहे. त्या गोष्टींचा मालक वाघ आहे की कोळी, हे पाहण्याचे काम आपले आहे. बळी कान पिळतो हे मुलांना जगाकडून कळेलच. म्हातारी भोपळ्यात बसून सुटली, हे मात्र आपणच सांगितले पाहिजे. आणि ती थोडी मोठी झाली की हेही सांगितले पाहिजे की, वाटेवरचा वाघ कायमचा हटवायचा तर साऱ्या गावाने एकत्र निघावे लागते.